आबांची एम.जी.

आजच्या धाग्यात किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. एका मोटारीची हकीकत आहे आणि ती माझ्याच घरातली आहे. मजकूर लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

गेल्या फाल्गुनात म्हसवडजवळच्या आमच्या गावाहून बापूकाकांचा फोन आला. आबांची गाडी विकायला काढली आहे, पुण्याहून एक दलाल येऊन पाहून गेला आहे आणि त्याला गाडीचा इतिहास लिहून हवा आहे. ‘तू इतिहासात एम.ए. करतेस ना? मग दोन पाने लिहून दे. तेवढ्यावर किंमत ठरणार आहे.’ शिकलेल्या विद्येचा घरच्यांना उपयोग व्हावा असा प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. मी आनंदाने होकार दिला. पुढे काय वाढून ठेवले आहे याची मला कल्पना नव्हती.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले बंधू. ते वारून तीन वर्षे झाली. त्यांची गाडी आम्ही पोरे लहानपणी सुट्टीत चोरून पाहत असू. गोठ्याच्या मागच्या खणात, कडब्याच्या पेंढ्यांच्या आड, ताडपत्रीखाली ती उभी असे. तिला हात लावला तर आबा ओरडत. ती ‘विलायती’ आहे एवढेच आम्हांला ठाऊक होते. या वेळी पेंढ्या बाजूला करून, ताडपत्री काढून, उजेडात मी ती प्रथमच नीट पाहिली. लांबट, अरुंद, दोन माणसांपुरती. पुढे सुटे उभे दिवे, बाजूंना लवलेले मडगार्ड, मागे उघडी चौकोनी पेट्रोलची टाकी आणि तिच्यावर बांधलेले जादा चाक. चाके तारांची, सायकलसारखी. समोरची काच पुढे आडवी पाडता येते. चालकासमोरच्या तबकडीवर इंजिनाचे फेरे दिसतात. वेगाची तबकडी मात्र शेजारी बसणाऱ्यासमोर आहे. म्हणजे गाडी किती पळते याची धास्ती चालवणाऱ्याने नव्हे, सोबत्याने घ्यायची!

ही एम.जी. टीसी. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधील दुकानाचे हे नाव. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस मोटारींच्या सांगाड्यांवर हलक्या, चपळ गाड्या बांधायला आरंभ केला आणि पुढे ॲबिंग्डन या गावी त्यांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. टीसी हे १९४५ ते १९४९ या काळातले रूप. किंबर यांना ते पाहता आले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरील रेल्वे अपघातात ते दगावले. चार वर्षांत सुमारे दहा हजार टीसी बाहेर पडल्या. युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला परकीय चलन हवे होते, म्हणून त्यांतल्या पुष्कळशा बोटींत चढल्या. दोनेक हजार अमेरिकेला गेल्या आणि तिथे या छोट्या गाडीने स्पोर्ट्‌स मोटारीचे वेड लावले. तिचे इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, ताकद जेमतेम ५४ अश्वशक्तीची. आजची साधी घरगुती मोटार तिला सहज मागे टाकील.

अशा गाड्यांचे क्रमांक वाचणे हा एक स्वतंत्र अभ्यास आहे, आणि तो करताना मला शिलालेख वाचल्यासारखा आनंद झाला. टीसीचे क्रमांक एकपासून सुरू होत नाहीत, २५१ पासून होतात. कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन क्रमांक २५१ होता. सांगाड्यावर क्रमांक ठोकलेला असतो, इंजिनावर अष्टकोनी पितळी पट्टी असते आणि आत पडद्यावर दोन्ही क्रमांक जोडीने कोरलेली तिसरी पट्टी असते. जुन्या मोटारींच्या बाजारात या तिन्हींचा मेळ बसणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे. मी चिंधीला रॉकेल लावून पट्ट्या पुसल्या, मोबाइलच्या उजेडात आकडे उतरवून घेतले आणि तिन्ही जुळले.

दुसरी खूण मला एका निवृत्त मेस्त्रींनी शिकवली. या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक म्हणजे फ्रेंच मापाचे आहेत, पण त्यांची डोकी इंग्रजी पान्यात बसतील अशा व्हिटवर्थ मापाची आहेत. कारण ऐकण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र-कंपनीने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. युद्धानंतर तो इंजिने बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची, गिऱ्हाइकांचे पाने मात्र इंग्रजी. नवी यंत्रे घेण्याऐवजी बोल्टाचे डोके बदलणे स्वस्त पडले आणि हा संकर पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. एका महायुद्धाची खूण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाडीत, आणि ती गाडी माणदेशातल्या गोठ्यात! बाहेरून आणलेला बोल्ट या इंजिनात सहसा लपत नाही. आबांच्या गाडीत असे उपरे बोल्ट फक्त पाण्याच्या पंपापाशी निघाले. त्यांच्याकडे पुढे येते.

आता ही गाडी इतकी चांगली टिकली कशी? टीसीचा वरचा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो. ॲश नावाच्या झाडाचे ते लाकूड. दमट हवेत ते आतून कुजते, दाराचे बिजागर सुटते आणि मग पत्रा नुसता टरफलासारखा उरतो. मुंबईत राहिलेल्या टीसीचे बहुधा हेच होते. आमचा माण तालुका मात्र महादेवाच्या डोंगरांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे ५०० च्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. ज्या कोरडेपणाने माणगंगेच्या काठची माणसे गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात पांगली, मेंढरे घेऊन कोकणात उतरली, गिरणीसाठी मुंबईला गेली, त्याच कोरडेपणाने हे लाकूड राखले. मी दारांच्या कडेला नखाने टोचून पाहिले. लाकूड ठणठणीत होते. बाकीचे काम आबांचे. दर अमावास्येला ते हँडल लावून इंजिन हाताने चार फेरे फिरवत, तेल सोडत, चाकांखालचे दगड बदलत. त्यांना आम्ही हसत असू.

गाडी आमच्याकडे आली कशी, याला कागदाचा आधार आहे आणि तोच माझ्या टिपणाचा गाभा होणार होता. आबा मुंबईला एका इंग्रज व्यापारी पेढीच्या मोटारखान्यात फिटर होते. पेढीतल्या एका साहेबाने ही १९४७ ची गाडी बोटीने मागवली होती. त्यानंतर लवकरच सरकारने बाहेरून तयार मोटारी आणण्यावर निर्बंध घातले. १९५३ च्या धोरणाने तर ज्यांना देशात प्रत्यक्ष उत्पादन करायचे नाही त्यांना दारच दाखवले. १९२८ पासून मुंबईत मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. उरली मोजकी देशी नावे. त्यांतलेच कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेले प्रीमियर. पण स्पोर्ट्‌स मोटार या चैनीला त्या काळच्या धोरणात जागा नव्हती. देशात होत्या त्या होत्या. त्यांचे सुटे भाग मिळणे बंद झाले. भारतातल्या बहुतेक जुन्या विलायती गाड्यांच्या पोटात फियाट नाहीतर अँबॅसडर दडलेली सापडते ती यामुळेच. तो मेस्त्रींचा अडाणीपणा नव्हता, धोरणाचा परिणाम होता.

१९६१ मध्ये साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा गाडीचा पाण्याचा पंप गेला होता आणि आबांचे दुरुस्तीचे काही पैसे थकले होते. साहेबाने पैशांऐवजी गाडीच आबांच्या नावावर केली. नोंदणी-पुस्तकात ती बदली आहे, शिक्का आहे, आणि साहेबाचे पाच ओळींचे टंकलिखित पत्रही आहे. आबांनी मग हिंदुस्थान टेन या मोटारीचा पंप घासून, जुळवून बसवला. हिंदुस्थान टेन म्हणजे देशी नाव घेतलेली मॉरिस टेन, आणि टीसीचे इंजिन त्याच मॉरिस टेनच्या इंजिनाच्या कुळातले. आबा चौथी शिकलेले. ही वंशावळ त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती, हातांना कळली होती. उपरे बोल्ट तेथलेच. मग ती गाडी चालवत ते पुणे, फलटण, दहिवडी करत गावी आले. त्या दिवशीची गोष्ट मी किमान शंभरदा ऐकली आहे.

हे सारे मी उत्साहाने दलालाला फोनवर सांगितले. तो गृहस्थ सभ्य होता, गाड्यांतला जाणकारही होता. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘ताई, गाडी उत्तमच आहे. पण फिटरची गाडी म्हटले की गिऱ्हाईक हात आखडता घेते. एखाद्या संस्थानाशी जोडता येईल का पाहा. तुमच्याकडे होळकरांचे नाते सांगता येईल. इंदूरकरांची गाडी, त्यांच्या कुणा मानकऱ्याकडून तुमच्याकडे आली, असे दोन ओळींत लिहा. तुम्ही इतिहासाच्या, तुमच्या नावाला वजन आहे.’ आणि त्याने सांगितलेला आकडा पहिल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

थाप बेमालूम होती, हे मला मान्य करावे लागेल. होळकर मूळचे नीरेच्या काठच्या होळ गावचे धनगर आणि आमच्या भागात त्यांच्याशी आपुलकी सांगणारी घरे कमी नाहीत. शिवाय शेवटचे सत्ताधीश यशवंतराव होळकर यांचे मोटारींचे वेड जगजाहीर होते. बावला खून प्रकरणानंतर तुकोजीराव तिसरे यांनी गादी सोडली आणि १९२६ मध्ये यशवंतराव कोवळ्या वयात गादीवर आले. ऑक्सफर्डला शिकलेले, आधुनिक कलेची विलक्षण जाण असलेले. त्यांचा माणिकबाग महाल एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने घडवला. त्यातले सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात निघाले तेव्हा युरोपातले रसिक त्यावर तुटून पडले. ब्रांकुशीची शिल्पे त्यांच्या संग्रही, मान रे यांनी त्यांची छायाचित्रे काढलेली. आणि त्यांची ड्यूसेनबर्ग एसजे! अमेरिकेत बनलेला सुपरचार्जरचा लांबलचक सांगाडा, त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढवलेली दोन माणसांपुरती काया, रंग केशरी आणि काळा. कंपनी ताकद सांगे ३२० अश्वशक्ती, म्हणजे आबांच्या गाडीसारख्या सहा गाड्या एकत्र जुंपाव्यात तेवढी. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बुडाली. तिच्या अखेरच्या गाड्यांत होळकरांची ही गाडी मोडते.

अशा माणसाने एखादी एम.जी. घेतलीही असेल. पण ‘असेल’ या शब्दावर इतिहास उभा राहत नाही, आणि आमच्या हाती तर उलटा पुरावा होता. नोंदणी मुंबईची, पहिले नाव साहेबाचे, दुसरे आबांचे. मध्ये बोट शिरायला जागा नाही. थाप मारायची तर आबांचे नोंदणी-पुस्तक आणि साहेबाचे पत्र गहाळ करावे लागणार होते. दलालाने तसे तोंडाने म्हटले नाही. बापूकाकांनी मात्र म्हटले. ‘कागद सापडत नाहीत असे सांगू,’ ते म्हणाले.

त्यांच्यावर रागावणे सोपे आहे, म्हणून हेही सांगते. त्यांच्या दोन कूपनलिका कोरड्या गेल्या आहेत, डाळिंबाच्या बागेवर कर्ज आहे, आणि माझ्या पुण्यातल्या वसतिगृहाचे पैसे दोन वर्षे त्यांनीच भरले आहेत. मी नकार दिला तर तो कुणाच्या पैशावर देणार होते?

त्या रात्री मला राजवाडे आठवले. आपल्या धाग्यांत त्यांचे नाव वरचेवर येते. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या काळची पत्रे होती, आणि त्या पत्रांपुढे बखरींची सांगोवांगी कशी फिकी पडते ते त्यांनी प्रस्तावनेत दाखवले. आपण सगळे ‘अस्सल कागद’ हा शब्द त्यांच्याकडून शिकलो. बखरकारांना हसणेही तिथूनच शिकलो. पण बखरकार का लिहीत असत, हे मला त्या रात्री प्रथम समजले. समोर घरचे माणूस बसलेले असते, त्याची गरज खरी असते, आणि दोन ओळींनी कुणाचे फारसे बिघडत नाही असे वाटते.

मी दुसऱ्या बाजूनेही विचार करून पाहिला. अस्सल म्हणजे तरी काय? पंप बदललेला, छत केव्हाच फाटून गेलेले, आसनावर आबांनी पसरलेली काळी घोंगडी. मग या गाडीला मूळ तरी कसे म्हणावे? या प्रश्नावर लंडनच्या उच्च न्यायालयात एक खटला झाला आहे, १९९० साली. ‘ओल्ड नंबर वन’ नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी तिचे भाग बदलत गेले, आठ लिटरचे इंजिन बसले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्‌सच्या धावपट्टीवर तिच्यातच क्लाइव्ह डनफी हा चालक मरण पावला, आणि मग तिच्यावर नवे बंद शरीर चढले. अखेर हबर्ड नावाच्या मालकाने ती एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. घेणाऱ्या कंपनीने हात झटकले: शर्यत जिंकणारी ती गाडी ही नव्हेच, त्यातले आता उरले आहे काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा भागन्‌भाग तपासून निवाडा दिला. ‘मूळ’ हा शब्द त्यांनी नाकारला; १९२९ मध्येच तिला जशीच्या तशी संग्रहालयात ठेवले असते तरच तो शोभला असता. पण तिचे अस्तित्व कुठेही खंडित झालेले नव्हते, तिच्या जागी दुसरी गाडी कधी आली नव्हती; जे बदल झाले ते तिच्या आयुष्यातच झाले. म्हणून हीच ओल्ड नंबर वन, असे त्यांनी ठरवले आणि कंपनी हरली.

मला हा निवाडा फार आवडतो. सकाळी ओसरीवर मी तो थोरल्या आजीला सोपा करून सांगितला. थोरली आजी म्हणजे आबांची पत्नी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘त्यात कोरट कशाला लागतंय? आपल्या सिद्धनाथाच्या रथाचं चाक बदललं म्हंजी रथ दुसरा हुतो व्हय?’ म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ देवदिवाळीला निघतो, अवघा माणदेश लोटतो. न्यायमूर्तींना पानेच्या पाने लागली ते तिने एका वाक्यात उरकले. मग तिने विचारले, ‘काय लिवनार हायस त्या कागदात?’

मी होळकरांची गोष्ट तिला सांगितली. लपवण्यासारखे काही उरले नव्हते. तिने सूप खाली ठेवले. मला वाटले होते ती मुलाची बाजू घेईल, किंवा आबांच्या नावासाठी रडेल. तिने तिसरेच काढले.

‘भात्तरच्या दुस्काळात ह्या गाडीला गिऱ्हाईक आलं हुतं. सातारचा वकील. रोख द्येत हुता. तुझ्या आबानं दिली न्हाई. म्या तवा खडी फोडाय जात हुते. बापू पाठीला. दीस उगवायला जायचं, मावळतीला यायचं, आन् मिळायचं ते मिलो नि सुकडी. ही बया गोठ्यात कडब्याखाली निवांत. जनावरं इकली, कडबा सुदिक इकला, पर हिला न्हाई. पुडं कडबा न्हवता तर माजं लुगडं घातलं हुतं हिच्यावर. आता म्हन्त्यात राजाची गाडी. राजाच्या बायकूनं खडी फोडली व्हय?’

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मी एका सत्रात निबंध लिहिला होता. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती, हा आकडा मला पाठ होता. आयात केलेली लाल मिलो ज्वारी, वाटपाची सुकडी, पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा, सारे तारखांसकट ठाऊक होते. त्या पन्नास लाखांत ती होती, आणि तिने हे आजवर कुणाला विचारू दिले नव्हते, की मीच विचारले नव्हते? बापूकाका मागे दारात उभे राहून ऐकत होते. ते काही न बोलता मळ्यात निघून गेले.

आबांनी गाडी का दिली नाही, याचे उत्तर कोणत्याही कागदात नाही. आजीच्या मते नुसता हट्ट. मला वाटते, मजुरीच्या बदल्यात मिळालेली ती एकच वस्तू होती जिच्यावर त्यांचे नाव छापील पुस्तकात होते. पण हा माझा तर्क आहे आणि त्या वर्षी माझ्या पाठीवर मूल नव्हते. या गाडीच्या उत्तम अवस्थेची किंमत आधीच एका बाईने चुकती केली होती, एवढे मात्र मला दिसले.

टिपण मी त्याच दुपारी लिहिले. क्रमांक, साल, साहेब, १९६१ ची बदली. पंप हिंदुस्थान टेनचा, बसवणारा कोण तेही. छत नाही. रंग कारखान्याचा, उजव्या मडगार्डावर बैलाच्या शिंगाचा ओरखडा. आसनावर घोंगडी, तिच्याखाली मूळचे चामडे शाबूत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, सांगाडा-इंजिन-बांधणी मुळातली असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. आधी नोंदलेलीला जुना क्रमांक राखता येतो. आबांच्या गाडीला तो राखता येईल, हेही नमूद केले, कारण घेणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठी जमेची बाजू. आणि अखेरीस दोन वाक्ये: १९७२-७३ च्या दुष्काळात मागणी येऊनही गाडी विकली गेली नाही. त्या काळात मालकाच्या पत्नीने दुष्काळी कामावर खडी फोडून घर चालवले.

दलालाने टिपण वाचून कळवले की अखेरची दोन वाक्ये विक्रीला पोषक नाहीत आणि पुढे त्याने फोन उचलणे सोडले. बापूकाका महिनाभर माझ्याशी तुटक बोलले. त्या महिन्यात मी वसतिगृहाची फी एका मैत्रिणीकडून उसनी घेतली.

ज्येष्ठात एक निवृत्त अभियंता बायकोला घेऊन आले. टिपण त्यांना कुणीतरी पाठवले होते. त्यांनी कोट काढला, ताडपत्री अंथरली आणि गाडीखाली शिरले. तासाभराने बाहेर आले ते पाण्याच्या पंपाचे कौतुक करत. हा पंप मी बदलणार नाही, म्हणाले. त्यांनी दिलेली रक्कम दलालाच्या पहिल्या आकड्याहून थोडी कमी आणि दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी होती. कर्जाचा एक हप्ता आणि एका कूपनलिकेचे पैसे निघाले. बाग अजून सावकाश फिटते आहे. बापूकाकांनी नोंदणी-पुस्तक आणि साहेबाचे पत्र स्वतःच्या हाताने त्यांना दिले. पत्राची प्रत मात्र माझ्याकडून मागून घेतली.

गाडी मालमोटारीत चढवताना अभियंत्यांनी घोंगडीही मागितली. टिपणात तिचा उल्लेख आहे, तीही गाडीच्या इतिहासाचाच भाग, असे त्यांचे म्हणणे. तर्क बिनतोड होता, माझाच होता. पण थोरल्या आजीने पुढे होऊन आसनावरची घोंगडी ओढून घेतली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

‘ही माज्या म्हायेरची हाय,’ ती म्हणाली. ‘ही न्हाई इकायची.’